एक्केचाळीस नंबरची साय

१७ मार्च, सोमवार

सत्कार झाला. शाल खुर्चीवर पडून आहे. तिला डांबराच्या गोळ्यांचा वास येतोय, म्हणजे कोणाच्या तरी कपाटातून निघून माझ्या खांद्यावर आली असणार.

सभागृहातले पंखे बंद ठेवले होते, कारण वाऱ्याने मागचा पडदा हलतो. सगळीकडे घाम आणि समोशाचं तेल. कॉलेजच्या गेटवर माझा फ्लेक्स, चेहरा इतका गोरा केलेला की आईनेच आधी ओळखलं नाही. प्राचार्य बोलले. "काही अणूंइतक्या जाडीचा पापुद्रा" हे त्यांना पाठ झालं नव्हतं, म्हणून दोनदा "अणुबॉम्ब" म्हणून गेले. टाळ्या त्यालाही पडल्या. आई सकाळच्या बसने देवळीहून आलेली. पहिल्या रांगेत, नवी साडी, पदराने डोळे पुसत.

देशकर सर आमचा पेपर पडद्यावर दाखवत होते. सहा वर्षं त्यांच्याकडे पीएचडी करतेय. छापून आलेला पेपर मी अजून नीट उघडलाही नव्हता. शाल घ्यायला वळले तेव्हा मागे चौथी आकृती होती. तीन चित्रं, शेजारी शेजारी. खाली लिहिलेलं: नमुना ४१, नमुना ४४, नमुना ४७.

तिन्ही चित्रांत पापणीच्या केसासारखा एक बाकदार ओरखडा. पहिल्यात उभा, दुसऱ्यात आडवा, तिसऱ्यात तिरपा.

तो ओरखडा माझ्या चिमट्याचा आहे. ४१ वरचा. तिन्ही चित्रं एकाच नमुन्याची आहेत.

फोटोग्राफर म्हणाला, मॅडम इकडे. हसले.

१८ मार्च

फोल्डर उघडून पाहिलं. चित्रं मीच काढलेली. नागपूरला सुईचं मशीन आहे, त्याची बारीक सुई नमुन्यावरून फिरते आणि जाडी सांगते. ओरखडा खरा की मशीनचा भास हे कळायला नमुना फिरवून तीनदा घेतला होता. तसं करायचंच असतं. फाईलींची नावं ४१-अ, ४१-ब, ४१-क. फोल्डर सरांना पाठवलं मी. नावं बदलली त्यांनी.

४४ आणि ४७ कुठून येणार! दोन्ही फाटले होते. मीच कचऱ्यात टाकले.

मग मसुदा शोधला. नोव्हेंबरात आलेला. त्या दिवशी आईसोबत गिरडच्या दर्ग्याला गेले होते, परतताना जामला बस बदलायची होती. एका हातात पोह्यांची प्लेट, दुसऱ्या हातात फोन. मसुदा आल्यावर चार मिनिटांनी माझं उत्तर गेलंय. "ओके सर. खूप छान."

तेवीस पानं. चार मिनिटं. त्यात पोहेही खाल्ले.

किळस आली. आधी सरांची. मग ज्या अंगठ्याने ते टाइप केलं त्याची.

२० मार्च

विचारलं. दोन दिवस गेले त्यात.

सर जेवून आले होते, काडीने दात कोरत होते. म्हणाले, "अगं, ती चित्रं प्रातिनिधिक आहेत."

"पण सर, खाली तीन वेगळ्या नमुन्यांची नावं आहेत."

"४४ आणि ४७ फाटले नसते तर असेच दिसले असते ना?"

याची दहा उत्तरं आता घरी सुचतायत.

"जूनमध्ये तुझी व्हायवा लावू. लक्ष तिकडे दे." एवढं बोलून त्यांनी ती काडी खाली ठेवली, माझ्या वहीवर. उघड्या पानावर. मुद्दाम नव्हे, तिथे माझी वही आहे हे त्यांच्या लक्षातच नव्हतं.

पान फाडून टाकलं.

२३ मार्च, रविवार. देवळी

आईने वर्तमानपत्रातलं माझं कात्रण दुकानाच्या काचेवर डिंकाने चिकटवलंय. आमचं दुकान भांड्यांचं, बाबा गेल्यापासून आईच चालवते. गिऱ्हाईक गंज-पातेलं बघायला आलं तरी आधी कात्रण बघावं लागतं.

"हे पाहा, माही वर्षा. धातूवरची साय काढते."

बाई म्हणाली, "साय? कायले लागते थे?"

"फोनच्या काचंले. उद्या फोन कागदासारखा घडी करून कमरेले खोसता येईन."

हे आईला मी एकदाच सांगितलं होतं. कथील आणि इंडियम एकत्र वितळवायचं. पाऱ्यासारखा थेंब होतो. हवा लागताच त्यावर ऑक्साइडची साय धरते, डोळ्याला दिसणार नाही इतकी पातळ. थेंब दोन काचांमध्ये दाबून सरकवला की साय काचेला चिकटून राहते, खालचा धातू निघून जातो. त्या सायीतून आरपार दिसतं आणि वीजही वाहते. एम.एस्सी.च्या पोरांना हे समजवायला मला दोन तास लागतात. आई दूध तापवत होती, तिला दोन मिनिटं लागली.

ती बाई गेली. गंज घेतलाच नाही.

"जेवत काऊन नाई तू?"

"भूक नाई."

"सत्काराचं पचलं नाई वाट्टे." हसली ती.

मी ताटातल्या वरणाकडे बघत बसले. वरती साय धरली होती.

२ एप्रिल

ठरवलं. ४४ आणि ४७ आता खरेच बनवायचे. चांगले आले, ४१ सारखेच निघाले, तर पेपरातलं खोटं मागून का होईना खरं होईल. चित्रं बदलून घेऊ, चूक झाली म्हणून दोन ओळी लिहू. कोणाचं काही बिघडणार नाही.

हे लिहिताना बरं वाटतंय. बरं वाटतंय हेच बरं लक्षण नाही.

प्रयोगशाळेची दशा. हॉटप्लेटवर पालीच्या लेंड्या. बेसिन तुंबलेलं, वर हिरवट तवंग. फुटक्या तावदानातून पारवे येतात आणि सूक्ष्मदर्शकाच्या खोळीवर बसतात. अणूंचे थर मोजणारी जागा ही.

उमरे काका (लॅब अटेंडंट, मी इथे शिकत होते तेव्हापासूनचे) खोळ झटकत म्हणाले, "जाळी लावा म्हनून तीनदा अर्ज देल्ला ताई. म्हनते, कमिटी येईन तवा लावू."

दोघांनी मिळून घासली सगळी खोली. काकांनी बेसिनमध्ये हात घातला आणि केसांचा गोळा बाहेर काढला. मला ओकारी आली. त्यांनी तो वर्तमानपत्रात नीट गुंडाळला, जसा काही प्रसादच.

१० एप्रिल

सात नमुने केले. हॉटप्लेट दोनशेवर, बाहेर बेचाळीस. घाम नाकावरून काचेवर पडू नये म्हणून कपाळाला ओढणी बांधून बसते.

हात बसलाय आता. थेंब ठेवायचा, वरची काच टेकवायची, दाबायची, एका दमात सरकवायची. थांबलं की फाटते. मग उरलेला धातू गरम स्पिरिटच्या बोळ्याने हलकेच पुसायचा. सातपैकी पाच अखंड आले! सूक्ष्मदर्शकाखाली फिक्या निळ्या रंगाची एकसारखी चादर. एवढं सुंदर मी हाताने दुसरं काही केलेलं नाही.

आणि वीज वाहत नाही. म्हणजे वाहते, पण अगदी रडतखडत. ४१ मध्ये धावली होती. पेपरभर त्याचीच बढाई आहे.

पाचही तसेच. माझं काय चुकतंय?

१५ एप्रिल

एक ईमेल आली आहे. आसामातल्या कुठल्याशा कॉलेजातली जोनाली नावाची मुलगी, तीही पीएचडी करते. इंग्रजीत, खूप अदबीने. आमचा पेपर वाचून दोन महिने साय काढायचा प्रयत्न करतेय. साय निघते, पण वीज आमच्याएवढी वाहत नाही. "माझे सर म्हणतात माझ्या हातात शिस्त नाही. तुम्ही नेमकं कसं करता ते सांगाल का? मी काय चुकतेय?"

माझाच प्रश्न, दोन हजार किलोमीटरवरून.

१६ एप्रिल

जोनालीला उत्तर दिलं. लिहिलं की हे नाजूक हाताचं काम आहे, सरावाने जमतं. हॉटप्लेटचं तापमान वाढवून बघ, असंही सुचवलं.

मी स्वतः तापमान कधीच वाढवलेलं नाही. काहीतरी लिहायला हवं म्हणून लिहिलं. तिच्याच हातावर ढकललं, जसं तिच्या सरांनी ढकललं.

चहा ओतून टाकला. दुधाला वास येत होता की मलाच यायला लागलाय, कळत नाही.

२१ एप्रिल, सोमवार

आज कळलं.

४१ सरांच्या कपाटात कुलपात असतो. सर मीटिंगला गेले होते. काकांकडे किल्ली. म्हटलं, काका, अर्ध्या तासासाठी द्या. "अर्धा म्हंजे अर्धाच," म्हणाले, आणि दारात उभे राहिले.

ओरखड्याजवळचा भाग आम्ही नेहमी पाहत आलो. आज पहिल्यांदा कडा पाहिली. कडेने करडं धुकं. भिंग वाढवलं तर धुकं नव्हेच, धातूचे बारीक बारीक मणी. एकाला एक चिकटून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेले. वीज सायीतून धावलीच नव्हती. ती ह्या मण्यांवरून धावली.

मी नीट पुसला नव्हता. त्या दिवशीचंही आठवलं, स्पिरिटची बाटली संपत आली होती, बोळा कोरडाच फिरवला आणि मोजायला घेतलं. आकडा एवढा मोठा आला की सर धावत आले, मी धावत पेढे आणायला गेले. पुन्हा पुसून पाहावं असं दोघांपैकी कोणाच्याही मनात आलं नाही.

आधी फोटो काढले. मग गरम स्पिरिटने पुसला. पुन्हा मोजला. बाकीच्या पाचांसारखाच, रडतखडत. पुन्हा फोटो.

म्हणजे पेपर, शाल, फ्लेक्स, आईचं कात्रण, हे सगळं गंजाच्या बुडाला राहिलेल्या कीटावर उभं आहे. माझ्या हातून राहिलेल्या.

काकांना सांगितलं.

"म्हंजे सत्कार मळाचा झाला म्हना."

हसायला आलं. हसता हसता बेसिनकडे धावले.

२२ एप्रिल

सरांना फोटो दाखवले. आधीचे, नंतरचे. मला वाटलं होतं, ते म्हणतील, असं कसं झालं, बघू दे. शास्त्रज्ञ आहेत ना. मी एम.एस्सी.ला असताना त्यांनीच शिकवलं होतं, आकडा आवडला की आधी त्याच्यावर संशय घ्यायचा. फळ्यावर लिहिलं होतं.

पहिला प्रश्न: "हे कोणाला दाखवलंस?"

दुसरा: "पुसलास कशाला?"

तिसरा प्रश्न नव्हता. खुर्ची माझ्याजवळ ओढली, आवाज मऊ केला. "वर्षा, तुझी व्हायवा तोंडावर आली. माझ्या हाताखाली अजून दोघी आहेत, त्यांचाही विचार कर. प्रत्येक पेपरमध्ये थोडंफार असं असतंच. पुढच्या पेपरात सुधारून घेऊ."

त्यांचा हात टेबलावर होता. स्वच्छ, नखं कापलेली, अंगठीतला पुष्कराज चमकत होता. त्या हाताकडे बघवेना.

मी उठले. "विचार करते सर," असं म्हणाले बहुतेक. म्हणालेच.

२५ एप्रिल

विचार करतेय. म्हणजे काहीच करत नाही.

तासाला जाते, शिकवते, परत येते. फ्लेक्सखालून जावं लागतं. एका कोपऱ्याची दोरी तुटलीय, वाऱ्याने माझं गोरं तोंड फडफडतं.

हिशोब मांडून पाहिला. सहा वर्षं. वय तेहतीस. पदवी नसेल तर जन्मभर तासिकेवर. आईने गावभर सांगून ठेवलंय. उलट बाजूला काय? काही मणी, जे आता पुसलेलेही आहेत.

२९ एप्रिल

जोनालीची दुसरी ईमेल.

मी सांगितलं म्हणून तिने हॉटप्लेट खूप वाढवली. धातू उडाला. उजव्या हाताची दोन बोटं भाजली. "डाव्या हाताने टाइप करतेय, चुकांबद्दल माफ करा. तुम्ही वेळ काढून सांगितलंत, पण मला तेही जमलं नाही. सरांनी हा विषय सोडायला सांगितलाय. सोडण्याआधी एकदाच विचारते, तुमच्या नमुन्यात आणखी काही वेगळं होतं का?"

माफी ती मागतेय. माझी.

तोंड धुतलं. दोनदा. साबण लावून.

३० एप्रिल

पाठवलं.

जोनालीला सगळं: दोन्ही फोटो, कोरडा बोळा, तापमानाची थाप. लिहिलं की तुझ्या हाताची चूक नाही, तुझा नमुना पुसलेला आहे आणि माझा नव्हता. तुझ्या सरांना ही ईमेल दाखव.

मग पेपर छापणाऱ्या पत्रिकेच्या संपादकांना. एक चित्र तीन नावांनी छापलंय. मोठा आकडा राहून गेलेल्या धातूचा आहे. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं की छापण्याआधी मसुदा माझ्याकडे आला होता आणि मी तो न वाचता संमती दिली. हे वाक्य चारदा खोडलं, चारदा लिहिलं. सरांना प्रत.

दुपारी सव्वातीनला गेली ईमेल. नंतर वर्गावर तास होता. ओहमचा नियम शिकवला. नीट शिकवला.

३ मे

प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. लेखी नाही, काकांमार्फत.

सर जिन्यात भेटले, माझ्याकडे न बघता उतरले. त्याच कोपऱ्यात कोणीतरी ताजा खर्रा थुंकलेला. दोन्हींपासून साडी सावरत चढले.

काकांनी माझ्या पाच नमुन्यांचा डबा रुमालात बांधून आणून दिला. "आत ठेवाल तं कोनी फेकून देईन."

मग मान खाली घालून म्हणाले, "चौकशी लागन म्हन्ते. मले ऑगस्टात रिटायर व्हाचं हाय ताई. मले इचारलं तं मी म्हनीन, मी काई पाह्यलं नाई. रागावजो नको."

तेच काका. केसांचा गोळा हाताने काढणारे. राग आला नाही. नवल म्हणजे किळसही नाही आली. एवढंच वाटलं, आता दारातसुद्धा कोणी उभं नाही.

८ मे. देवळी

सर काल आईकडे येऊन गेले. देवळीला, दुकानात! सहा वर्षांत कधी आले नव्हते.

आई सांगत होती. हात चालू होते तिचे, एका गंजाला चिंच लावत होती.

"गाडी दुकानापुढेच लावली. लिंबाचं सरबत देल्लं मी. म्हने, पोरगी तापट हाय, तिले समजवा. नमुना हाताळताना चूक तिच्याकून झाली, चित्रं तिनंच देल्ली, एवढं लिहून देल्लं तं बाकी मी पाह्यतो. डिग्री मिळते."

"मंग तू काय म्हटलं?"

"म्हटलं, सर, पोरीनं फोनवर सांगतलं, पन मले त्यातलं समजत नाई. मले एवढंच सांगा, तीन फोटो एकाच गंजाचे अन् मी गिऱ्हाइकाले म्हटलं तीन गंज हायेत, तं मी कोन झाली?"

"मंग?"

"सरबत अर्धंच पेले. उठले."

मला एवढं हसू आलं, मी तिच्या गळ्यात पडायला गेले. तिने चिंचेचा हात मध्ये धरला.

"थांब. थे गेले, आता तू सांग. त्याईनं तुले आधी दाखवलं होतं म्हने. तू ओके काऊन म्हटलं?"

"वाचलं नव्हतं आई."

"काऊन?"

"जामले होतो आपण. बस येत होती..."

"बस तं अर्ध्या घंट्यानं आली. मी होती ना सोबत. तू पोहे खाल्ले, मंग फोनवर व्हिडिओ पाह्यले." गंज खाली ठेवला. "इतकं शिकवलं तुले. अन् वाचलं नाई?"

संपादकांना लिहिताना जे चारदा खोडलं, ते आईने एका दमात म्हटलं. सरांनी माझ्यावर ढकलू पाहिलेलं खोटंच होतं, पण त्याला हात धरायला जागा मीच दिली.

दुपारी तिने काचेवरचं कात्रण काढलं. डिंक सुटेना. मी म्हटलं, मी काढते. "राहू दे," म्हणाली, आणि स्वतः नखाने खरवडत बसली. संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. ताट मात्र वाढून दिलं.

१९ मे, सोमवार

चौकशी. प्राचार्यांच्या खोलीत, एसी एवढा की दात वाजत होते. तिघेजण. एक आमचेच, सगळा वेळ फोन बघत होते. एक विद्यापीठाचे, त्यांना माझ्यापेक्षा काजू जास्त महत्त्वाचे होते. तिसऱ्या बाहेरगावच्या बाई, वयस्कर, चष्मा दोरीला.

सर आधी बोलले. सुंदर बोलले. नमुन्याची स्वच्छता ही विद्यार्थिनीची जबाबदारी. चित्रं तिच्या फोल्डरमधून आली. नावांचा घोटाळा कारकुनी. "ती गुणी मुलगी आहे, फक्त थोडी खचली आहे." मला "गुणी" म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

काकांना बोलावलं. काका म्हणाले, "मी काई पाह्यलं नाई साहेब." म्हणाले होते तसंच. जाताना माझ्या खुर्चीच्या पाठीला हात लावून गेले, हे मात्र तिघांनी पाहिलं.

माझी पाळी. कागद दाखवले, मूळ फाईलींची नावं आणि तारखा. काजूवाले म्हणाले, "पण तुम्हाला हे सत्काराच्या आधी नाही दिसलं का?"

बाईंनी फक्त एवढं विचारलं, "छापण्याआधीचा मसुदा तुमच्याकडे आला होता?"

"हो."

"वाचलात?"

"नाही. न वाचता हो म्हटलं."

त्यांनी खाली वाकून बरंच काही लिहिलं. एवढ्याशा उत्तरावर एवढं काय लिहिण्यासारखं होतं? माझ्या बाजूचं की विरुद्ध, काही कळायला मार्ग नाही. चेहऱ्यावर काही नव्हतं.

बाहेर आले तेव्हा अंगावर ऊन पडलं. बरं वाटलं. चार दिवस झाले, ओकारी आलेली नाही, हेही तेव्हाच लक्षात आलं.

२६ मे

निकाल नाही. पत्रिकेकडून एक ओळ: "आम्ही पडताळणी करत आहोत." व्हायवाची तारीख यादीतून गेली, कोणी काढली ते कोणी सांगत नाही. सरांच्या दोघी विद्यार्थिनी मला बघून रस्ता बदलतात. एकीने काल मेसेज केला, "ताई, माझेही नमुने एकदा बघाल का?" आणि लगेच पुसून टाकला. मी वाचला होता.

सर आज पार्किंगमध्ये थांबले. "जेवलीस का?" म्हणाले, पहिल्यासारखे. खऱ्या मायेने म्हणाले असं वाटलं. सगळ्यांत जास्त किळस मला त्या मायेची आली. आणि मी म्हटलं, "हो सर."

३० मे

जोनालीची ईमेल. लांबलचक. बोटं बरी आहेत, एकाचं नख अजून आलेलं नाही. माझी ईमेल तिने सरांना दाखवली. विषय सोडायला लावताना काढून घेतलेली वही त्यांनी तिला परत दिली.

तिने तिच्या सगळ्या नमुन्यांच्या कडा तपासल्या. स्वच्छ. वीज थोडीच वाहते, पण जेवढी वाहते तेवढी सायीचीच. आता ती हेच लिहिणार आहे: अणूंच्या मोजक्या थरांची साय खरंच किती वीज नेते, आणि राहून गेलेला धातू माणसाला कसा फसवतो. त्यासाठी तिला माझे दोन्ही फोटो हवेत, पुसण्याआधीचा आणि नंतरचा. शिवाय माझे पाच नमुने, तिच्याकडे पुन्हा मोजायला.

शेवटी लिहिलंय: "तुमचं नाव टाकू का? माझे सर म्हणतात, चौकशी चालू असलेलं नाव नको, आपलाही पेपर अडकेल. मला टाकावंसं वाटतं, कारण काम तुमचं आहे. पण बोटं भाजली तेव्हाचा राग अजून गेलेला नाही, हेही खरं सांगते. तुम्हीच ठरवा."

नमुने आज सकाळी पोस्टात दिले. कापसात गुंडाळून, डब्यावर "वर बाजू" लिहून. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, आत काय आहे? काच, म्हटलं. याहून बरं सांगता आलं नाही.

फोटोही पाठवले.

नावाचं उत्तर राहिलंय. आधी "हो, टाक" लिहिलं. वाचलं, हावरट वाटलं, खोडलं. मग "नको, गरज नाही" लिहिलं. तेही साजूक आणि खोटं. खोडलं.

पोस्टातून आल्यापासून बसलेय. स्क्रीनवर नुसतं "प्रिय जोनाली" आहे, आणि त्यापुढे स्वल्पविराम.